निरोप पोचला पाहिजे



सध्या आपल्या डिपार्टमेंटमध्ये दोन विषयांवर वाद चालू आहेत. पहिला, जुन्या लॅबमधले संगणक भंगारात काढायचे की नाही. दुसरा, फायनल इयरच्या एका ग्रुपने बनवलेल्या पॅरलल लायब्ररीत एका टास्कने दुसऱ्या टास्कला मेसेज पाठवायची सोय घालायची की नाही. पहिल्या विषयावर कॅन्टीनमधल्या प्रत्येकाला मत आहे. दुसऱ्या विषयावर जेमतेम पाच-सहा जणांना. माझं म्हणणं असं आहे की हे दोन वाद नाहीतच, एकच वाद आहे. आणि त्याचा निकाल नीट लागला नाही तर नुकसान त्या ग्रुपचं नाही, आपल्या सगळ्यांचं होणार आहे. कसं ते सांगते.

आधी शब्दाबद्दल थोडंसं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे टेक्निकल काही म्हटलं की डोक्यात इंग्रजीच सुरू होतं. मेसेजला पुस्तकी मराठीत 'संदेश' म्हणतात. पण आमच्या घरी आजी 'निरोप' म्हणते आणि मला तोच शब्द जास्त बरोबर वाटतो. संदेश पुढारी देतात, तेही जनतेला उद्देशून! निरोप माणूस माणसाला देतो. निरोपाला देणारा लागतो, घेणारा लागतो आणि तो पोचला की नाही याची काळजीही लागते. संगणकातलं मेसेज पासिंग म्हणजे नेमकं हेच.

आता ही लायब्ररी करते काय? समजा आपल्या मेसमध्ये चार मदतनीस आहेत आणि कामांचा एक ढीग आहे. जो मोकळा होईल त्याने ढिगातलं वरचं काम उचलायचं, पूर्ण करायचं, पुढचं उचलायचं. कामाला म्हणायचं टास्क, मदतनीसाला म्हणायचं वर्कर. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही चार-आठ कोअर असतात, त्या सगळ्यांना कामाला लावायची ही सोपी आणि चांगली पद्धत. टास्क सुरू होतो, संपतो, निकाल देतो. मध्ये कोणाशी बोलत नाही. जोपर्यंत कामं एकमेकांपासून सुटी आहेत तोपर्यंत सगळं छान चालतं. पण एका टास्कला अर्ध्यावर दुसऱ्याकडून काही हवं असेल तर?

एक उपाय सगळ्यांना माहीत आहे. मेसमध्ये एक फळा लावा. ज्याला जे सांगायचं ते त्याने फळ्यावर लिहावं, ज्याला हवं त्याने वाचावं. याला शेअर्ड मेमरी म्हणतात. अडचण एवढीच की दोघांनी एकदम लिहिलं तर गिचमिड होते. म्हणून खडू एकच ठेवायचा, म्हणजेच लॉक. मग खडूसाठी रांग. कोणी खडू खिशात घालून गेला की सगळे उभे! ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे.

काही जण म्हणतात, "असू दे ना, फळा आहे तर निरोपाची गरज काय?" याचं उत्तर फार साधं आहे. मुलांच्या मेसमधला फळा मुलींच्या होस्टेलमधून दिसत नाही. एका संगणकाची मेमरी दुसऱ्या संगणकाला दिसत नाही. ज्या दिवशी काम एका मशीनमध्ये मावत नाही, त्या दिवशी फळ्याची गोष्ट संपते आणि चिठ्ठी पाठवावी लागते. लॅपटॉपवरच्या चार कोअरपुरतं शिकून थांबायचं असेल तर फळा पुरे. त्यापुढे जायचं असेल तर निरोप शिकावाच लागेल.

आणि यात आपल्याला नवीन वाटण्यासारखं खरं म्हणजे काही नाही. हे काम महाराष्ट्रात ३० वर्षांपूर्वीच झालं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, अटी घातल्या, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ मध्ये सी-डॅकने परम ८००० लोकांपुढे आणला. त्यात एक मोठा, अतिवेगवान प्रोसेसर नव्हता. ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिप्स शेजारी शेजारी जोडल्या होत्या. प्रत्येक चिपची मेमरी स्वतंत्र. सगळ्यांना दिसेल असा फळा नाहीच! प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक. म्हणजे परमची सगळी ताकद निरोपावर उभी होती.

ट्रान्सप्युटरची आणखी एक गंमत मला फार आवडते. त्याची भाषा होती ऑकम. तिच्यामागे टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेला विचार होता. त्यात प्रोग्रॅम म्हणजे स्वतंत्र प्रोसेस, आणि त्यांना जोडणारे चॅनेल. समोरचा प्रोसेस त्याच चिपवर आहे की पलीकडच्या, यामुळे निरोप पाठवायची ओळ बदलत नसे. आणि एखादा प्रोसेस निरोपाची वाट पाहत थांबला तर चिप स्वतःच त्याला बाजूला ठेवून दुसरा प्रोसेस चालवायला घेई. हा शेवटचा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"पण याचा आपल्याशी काय संबंध? आपण तर देवगाव रंगारीत!" हा प्रश्न हमखास येणार. संबंध आहे, आणि तो डोक्यावरच्या आभाळाइतका जवळ आहे. आपल्या परिसरातला कापूस आणि मका पावसावर. पावसाचा अंदाज बनतो पुण्यातल्या आय.आय.टी.एम. या संस्थेच्या मॉडेलवर. तिथे २०१८ मध्ये प्रत्युष नावाचा महासंगणक आला, २०२४ मध्ये अर्का आला. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या जाळीवर चालणारी भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, त्याआधी जाळी १२ किलोमीटरची होती. जाळी निम्मी केली की त्याच जमिनीवर चौपट चौकोन होतात, आणि वेळेचे टप्पेही लहान घ्यावे लागतात. एवढं गणित एका मशीनला झेपत नाही. मग नकाशाचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या प्रोसेसकडे देतात.

समजा कन्नड तालुका एका प्रोसेसकडे आहे आणि वैजापूर दुसऱ्याकडे. वारा काही तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही. पुढच्या टप्प्याला कन्नडच्या काठावर काय होणार हे कळायला वैजापूरच्या काठावरचे आकडे हवेत, आणि त्याला आपले. म्हणून प्रत्येक टप्प्याला शेजारी-शेजारी आपापल्या काठाच्या पट्ट्या एकमेकांना पाठवतात. असे हजारो प्रोसेस, हजारो टप्पे. एक जरी निरोप अडकला तरी तो शेजारी थांबतो, मग त्याचा शेजारी, आणि बघता बघता सगळा नकाशा थांबतो. अंदाज उद्याच्या पावसाचा असेल आणि उत्तर परवा मिळालं तर ते शेतकऱ्याच्या काय कामाचं?

तर मेसेज पासिंग हवं, इथपर्यंत बहुतेकांचं पटेल. खरा वाद आहे तो "मग त्यात काय, सेंड आणि रिसीव्ह अशी दोन फंक्शन वाढवा" असं म्हणणाऱ्यांशी. माझ्या मते दोन फंक्शन वाढवणं म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं आधी देणं आहे. उत्तरं न देता फंक्शन घातली तर ती नसलेलीच बरी.

पहिला प्रश्न, पत्ता कोणाचा? १९९४ मध्ये एम.पी.आय. नावाचं स्टँडर्ड आलं, जगातले बहुतेक मोठे संगणक आजही तेच वापरतात. त्यात निरोपावर प्रोसेसचा नंबर लिहितात. आता एका प्रोसेसमध्ये २०० टास्क असतील तर हा पत्ता कसा झाला? 'होस्टेल, देवगाव रंगारी' एवढंच लिहिलेल्या पत्रासारखा! पोस्टमन गेटवर टाकून जाईल, पुढे कोणी उचलायचं? रूम नंबर लिहावा तर तोही टिकत नाही, कारण चांगल्या लायब्ररीत एक वर्कर रिकामा झाला की तो दुसऱ्याच्या ढिगातलं काम ओढून घेतो. टास्कची रूम बदलते. म्हणून पत्त्यावर रूम नको, रोल नंबर हवा. टास्क कुठेही जावो, नंबर तोच. शिवाय जो टास्क अजून सुरूच झाला नाही त्याच्या नावाची पेटी आधीपासून लागते. आणि जो संपून गेला त्याच्या नावाने निरोप आला तर लायब्ररीने गप्प न बसता चूक म्हणून सांगायला हवं.

दुसरा प्रश्न, वाट पाहणाऱ्याने काय करायचं? मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुन्हा मेसमध्ये चला. चार मदतनीस, आणि ढिगात वरची चारही कामं 'पोळी भाजणे' निघाली. चौघांनी चार कामं उचलली आणि लाटलेली पोळी येण्याची वाट पाहत तव्याशी उभे राहिले. 'पोळी लाटणे' हे काम ढिगात खाली पडलं आहे, पण ते उचलायला मोकळा माणूसच उरला नाही. चार माणसं हजर, तवा तापलेला, कणीक तयार, आणि तरीही रात्री बारापर्यंत जेवण मिळणार नाही! कोणाचीच चूक नाही, प्रत्येकजण आपलं काम नियमाने करतो आहे. टास्कच्या लायब्ररीत साधं, थांबून राहणारं रिसीव्ह घातलं की हेच होतं. एम.पी.आय.चं रिसीव्ह टास्कच्या आत जसंच्या तसं वापरलं तरी हाच धोका आहे.

उपाय एकच. ज्याला थांबायचं आहे त्याने आपलं काम चिठ्ठी लावून बाजूला ठेवावं आणि ढिगातलं दुसरं उचलावं. निरोप आला की बाजूला ठेवलेलं काम परत ढिगात. ट्रान्सप्युटर हे हार्डवेअरमध्ये करत होता, आठवलं? म्हणजे १९९१ मध्ये पुण्यातल्या मशीनमध्ये जी सोय होती ती आज आपल्या लायब्ररीत नसेल, तर ३० वर्षांत आपण नेमकं काय शिकलो?

तिसरा प्रश्न, पाठवला म्हणजे पोचला का? एम.पी.आय.मध्ये साधं सेंड परत आलं याचा अर्थ निरोप पोचला असा नाही. ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद पुन्हा वापरायला तुम्ही मोकळे झालात, एवढाच. निरोप लहान असेल तर लायब्ररी बहुतेक वेळा त्याची प्रत स्वतःकडे ठेवून घेते आणि तुम्हाला लगेच सोडते. मोठा असेल तर घेणारा तयार होईपर्यंत थांबवून ठेवते. आता दोघांनी एकमेकांना आधी सेंड आणि मग रिसीव्ह केलं तर काय होईल? १० आकडे असतील तर प्रोग्रॅम चालेल, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही होईल. १ लाख आकडे दिले की दोघेही एकमेकांकडे बघत बसतील. "आधी तू घे", "नाही, आधी तू घे". कोड तोच, एकही ओळ बदललेली नाही. म्हणून लहान उदाहरणावर चालला म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, ही आपली सवय मेसेज पासिंगमध्ये सरळ सरळ घातक आहे.

या तिन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर देणारं एक नाव आहे, लक्ष्मीकांत काळे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात त्यांनी चार्म प्लस प्लस ही प्रणाली उभी केली. तिथे कामाचा घटक हाच निरोपाचा पत्ता. तो एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलला तरी निरोप त्याच्या मागे जातो. कोणी थांबून राहत नाही. निरोप आला की त्या घटकाचं काम सुरू, नाही आला तर प्रोसेसर दुसऱ्याचं काम करतो. याच पायावर नॅमड हा प्रोग्रॅम आहे. त्याच्या मदतीने २०१३ मध्ये एच.आय.व्ही. विषाणूच्या कवचाचा कोट्यवधी अणूंचा अभ्यास झाला. काळे आणि क्लाउस शुल्टन यांना २०१२ चा सिडनी फर्नबाख पुरस्कार मिळाला. इंटरव्ह्यूसाठी आपण पाठ करतो त्या यादीत हे नाव का नसतं, हे मला कळत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप, "हे सगळं तयार मिळतं, पुन्हा कशाला बनवायचं?" खरं आहे, आपली लायब्ररी जग वापरणार नाही. पण आपण वर्कशॉपमध्ये फायलिंग करतो ते जगाला आपला चौकोनी तुकडा हवा असतो म्हणून का? हाताला कळावं म्हणून करतो. तसंच हे.

दुसरा आक्षेप, "आता सगळं ए.आय. आहे, हे जुनं झालं." उलट! मोठी मॉडेल शिकवताना हजारो जी.पी.यू. लागतात, आणि प्रत्येक टप्प्याला त्यांना आपापली उत्तरं एकमेकांशी जुळवून घ्यावी लागतात. ते जुळवणं निरोपानेच होतं. तळमजल्याला जुना म्हणून वरचा मजला हवेत राहत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. निरोप फुकट नसतो. साध्या नेटवर्कवर एक निरोप पोचायला ५० मायक्रोसेकंद लागले असं धरा. सेकंदाला १०० कोटी क्रिया करणारा प्रोसेसर तेवढ्या वेळात ५०,००० क्रिया करून मोकळा होतो. म्हणजे दोन आकड्यांच्या बेरजेसाठी निरोप पाठवणं म्हणजे एका मिरचीसाठी संभाजीनगरला एस.टी.ने जाणं! म्हणून एकाच मशीनमध्ये फळा, मशीन ओलांडताना निरोप, आणि निरोप पाठवायचा तर पाच-पन्नास गोष्टी एकत्र बांधून. कधी काय वापरायचं हे ओळखणं म्हणजेच इंजिनिअरिंग, नाही का?

आणि इथेच जुन्या लॅबचा विषय येतो. ते संगणक हळू आहेत, मान्य. नवीन गेम चालत नाहीत, मान्य. पण १९९४ मध्ये नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी पहिला बेओवुल्फ क्लस्टर बांधला तो १६ साध्या ४८६ प्रोसेसरचा, १० मेगाबिटच्या इथरनेटवर. आपल्या भंगारात जाणारा प्रत्येक संगणक त्यातल्या प्रत्येकापेक्षा कितीतरी जोरात आहे. लिनक्स फुकट, एम.पी.आय. फुकट, स्विच लॅबमध्येच पडून आहे. आणि शिकण्यासाठी हळू नेटवर्क हे वरदान समजा. वेगवान नेटवर्कवर चुकीचा प्रोग्रॅमही बरा चालल्यासारखा वाटतो, हळू नेटवर्क चूक लगेच दाखवून देतं.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, निदान आठ मशीन भंगारातून वगळावीत आणि त्यांचा क्लस्टर करावा. दोन, थर्ड इयरला तीनच प्रॅक्टिकल द्यावीत. पहिलं, गोल बसून निरोप फिरवणे. दुसरं, मुद्दाम डेडलॉक करून दाखवणे आणि मग सोडवणे. तिसरं, नकाशाचे तुकडे करून काठाच्या पट्ट्या पाठवणे. तीन, फायनल इयरच्या त्या ग्रुपला मार्क देताना स्क्रीनवर काय चमकतं हे न बघता लायब्ररी १ लाख आकड्यांवर आणि चारऐवजी एका वर्करवर चालते का, हे बघावं. एका वर्करवर अडकली तर समजावं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. आणि चार, इंडस्ट्रियल व्हिजिट दरवर्षी जिथे समुद्र आहे तिथेच का जाते? एकदा पुण्याला सी-डॅककडे परवानगी मागून तर बघू!

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. लागेल ती सरांची थोडी संध्याकाळ आणि आपली थोडी झोप. लॅबच्या वस्तूंची यादी ऑफिसात जाण्यापूर्वी हे ठरलं तर ठरलं, नंतर ती मशीन किलोवर जातील आणि आपण पुन्हा लॅपटॉपवरच्या चार कोअरवर समाधान मानू.

गावाच्या नावातच रंगारी आहे. रंगकामात धुणारा, रंगवणारा, वाळवणारा यांची कामं वेगळी, पण कापड हातातून हातात वेळेवर गेलं तरच रंग पक्का. एकट्याचा वेग कितीही असो, पुढच्याला वेळेवर कळलं नाही तर माल वाया. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यापर्यंत हा निरोप पोचावा, आणि पोचला की उत्तरही यावं, एवढीच विनंती.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी